तुळशीराम घरी नाही

नागावात त्या काळी दोनच फोन होते. एक पोस्टात आणि दुसरा तात्यांच्या ओटीवर, विणलेल्या रुमालाखाली झाकलेला. सुपारीचा व्यापार मुंबईशी, म्हणून तात्यांनी फोन घेतला खरा. पण त्यावर बोलायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येई. त्यात मुलगा विश्वंभर नोकरीला लंडनला गेला. तिकडे तीन मिनिटं बोलायला सव्वाशे नारळ पडतात, असा हिशेब तात्यांनी पहिल्याच दिवशी मांडला आणि रुमाल नीट ओढून घेतला.

पुढे त्यांना पी.पी. कॉलचा शोध लागला. हा फोन एका ठरावीक माणसासाठी लावायचा. तो माणूस तिथं नसला, तर बोलण्याचे पैसे नाहीत, नुसती किरकोळ फी. तात्या आठवडाभर हवेत होते. त्यांनी वहीत नावं लिहिली आणि त्यांची नक्कल लंडनला धाडली. तुळशीरामसाठी फोन आला, म्हणजे घरी सगळं ठीक. हरेश्वरसाठी आला, म्हणजे पत्र मिळालं नाही, लिही. काळूरामसाठी आला, म्हणजे कुणीतरी आजारी आहे. विश्वंभरने फक्त "तो इथं नाही" म्हणायचं, की निरोप पोचला आणि त्याचीही खुशाली कळली.

दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी पाचला तात्या फोन लावत. अलिबागच्या एक्स्चेंजमधला चंदर धडपडून लंडन मिळवी आणि पडलेल्या आवाजात सांगे, "तात्या, तुळशीराम नाही म्हणतात."

"वा! छान!" म्हणून तात्या फोन ठेवत.

चंदर बिचारा चक्रावून जाई. एकदा तर न राहवून म्हणाला, "तात्या, हा तुळशीराम काय गावत नाय. तुमचा विश्वंभर असेल ना तिथं, त्यालाच देऊ का?"

"खबरदार!" तात्या असे ओरडले की वाडीतला गडी पोफळीवरून घाईघाईने खाली उतरला.

यात विश्वंभरच्या आईला, अनुसूयाबाईंना मात्र काही मिळत नव्हतं. दोन वर्षांत पोराचा शब्द त्यांच्या कानावर पडला नव्हता. "एकदा आवाज ऐकू द्या हो," त्या म्हणत. "खुशाली कळते ना?" असं तात्यांचं ठरलेलं उत्तर. मग त्या तात्यांच्या हवाई पत्राखाली आपल्या दोन ओळी लिहीत. गेल्या खेपेला त्या ओळी समासापर्यंत गेल्या होत्या आणि पत्रही त्यांनी स्वतःच चिकटवलं होतं. तात्यांना बायकांच्या ओळी वाचायची सवय नव्हती.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पाचला फोन लागला. तात्या "वा, छान" म्हणायला तोंड उघडून बसले होते. तोच चंदर आनंदाने किंचाळला, "तात्या! तुळशीराम हाय! घरातच हाय! बोला, मिनिटं चालू झाली!"

तात्यांच्या हातून रिसीव्हर निसटला, तो त्यांनी गुडघ्यांत झेलला.

"कोण तुळशीराम?" ते गरजले.

पलीकडून समुद्राच्या गाजेसारखी खरखर आली आणि तिच्या तळातून एक बारीक आवाज. "मीच की. रेवसचा हाय मी. बोटीवर होतो, आता हितंच ऱ्हातो."

"विश्वंभर कुठाय?"

"बाजारात गेलाय. काय निरोप?"

तात्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वाशे नारळ तर गेलेच होते. आता निदान पुरेपूर वापरावेत म्हणून त्यांनी निरोपांची सरबत्ती सुरू केली. लोकरीचं अंगात घाल, उघड्यावरचं खाऊ नको, गोदूआत्याच्या मुलीचं लग्न ठरलं, सुपारी यंदा बरी आहे. एका मिनिटात सगळं संपलं.

"अजून दोन मिनिटं हायत, तात्या!" चंदरने मधेच उत्साहाने सांगितलं.

दोन मिनिटं! तात्यांना घाम फुटला. सांगायला काही उरलं नव्हतं आणि फुकट घालवणं रक्तात नव्हतं.

"हे बघ तुळशीराम," ते जरा खाली आवाजात म्हणाले, "आता सांगतो ते विश्वंभरला सांगू नकोस. जाताना त्यानं माड लावलाय विहिरीपाशी. त्याला रोज मी पाणी घालतो. घरात वाटतं गडी घालतो."

"बरं," पलीकडचा म्हणाला.

"आणि रेवसच्या धक्क्यावर मी त्याला चार माणसांत बोललो. चाललायस तर परत तोंड दाखवू नकोस, म्हटलं. ते काही खरं नव्हतं रे. बोट सुटली आणि बोलायचं राहिलं. आठवण येते त्याची. फार येते."

पलीकडे नुसती खरखर.

"अरे बोल की! मिनिट फुकट जातंय!"

तेवढ्यात अनुसूयाबाईंनी रिसीव्हर हिसकावून घेतला. "जेवलास का?"

"जेवलो, आई," एवढंच ऐकू आलं आणि फोन तुटला.

त्यानंतर त्या बराच वेळ पदराने फोन पुसत होत्या. तात्याही विरघळले होते. "तुला आई म्हणाला. पोरगा वळणाचा आहे हो. कुणाचा कोण, पण शांतपणे ऐकून घेतलं."

सोमवारी सकाळी तात्या कोट घालून अंगणात उभे. शेजारी दहा नारळांचं पोतं.

"कुठे निघालात?"

"रेवसला. एसटीने जातो. त्या तुळशीरामच्या आईला सांगून येतो, मुलगा सुखरूप आहे म्हणून. तिनं तरी कधी आवाज ऐकला असेल बिचारीनं!"

अनुसूयाबाईंनी पोत्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे. खोटं आता एसटीत बसायला निघालं होतं.

"रेवसला नका जाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "तुळशीरामच्या आईनं ऐकला काल आवाज. इथंच, ओटीवर."

तात्यांचे आधी कान लाल झाले, मग नाक. विहिरीपाशीच्या माडाकडे त्यांनी एकदा पाहिलं, कोट काढून खुंटीला लावला आणि कळशी उचलली. आज ती लपवायचं कारण नव्हतं.

पाणी घालून परत येताना ते ओटीशी थांबले.

"पुढच्या रविवारी..." ते घसा खाकरून म्हणाले.

"पहिल्या रविवारी म्हणायचंय का? त्याला अजून महिना आहे."

"पुढच्याच रविवारी," तात्या म्हणाले. "पण फोन तुळशीरामलाच लावायचा. विश्वंभरशी मला एवढं बोलता येणार नाही."