बॉयलरला जावयाचं तेल

हणमंतप्पा तेलाचा डबा सायकलला अडकवून तसाच गिरणीत कामाला आला, तिथंच चुकलं. घाण्यावरचं ताजं करडईचं तेल होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच जावई जेवायला येणार होता आणि हणमंतप्पाच्या बायकोला, हेमावतीला, त्याच्यासाठी पुरणाचे कडबू तळायचे होते. "तेल सांडलात तर घरला येऊ नका," एवढंच ती म्हणाली होती.

नेमका त्याच दिवशी चिटगुप्प्याच्या त्या कापसाच्या गिरणीत बॉयलर तपासायला हैदराबादेहून साहेब आला. त्याच्याजवळ एक पेटी होती. तिचा आवाज माणसाला ऐकू येत नसे, पण तो लोखंडात शिरे, आतली चीर हुडकून परत येई आणि पेटीच्या काचेवर उजेडाची रेघ उसळे. मात्र लोखंडाला तेल लावल्याशिवाय आवाज आत शिरायला तयार नव्हता. गिरणीतल्या तेलात सगळा कचरा. साहेबाची नजर सायकलवर गेली. म्हणे चमचाभरच हवं होतं.

आदल्या दिवशी विझवलेला बॉयलर अजून चांगलाच गरम होता. तेल लावलं की पातळ होऊन ओघळे. साहेब हात पुढं करी, हणमंतप्पा काळजावर दगड ठेवून ओती. खमंग वास सुटला तशी माणसं जमली. भजी कुणासाठी, असं एकानं विचारलंसुद्धा. चीर काही सापडेना, डबा मात्र तळाला गेला.

शेवटी मागची बाजू राहिली.

"साहेब, तिथं कायबी न्हाई," हणमंतप्पा डबा पोटाशी धरून म्हणाला. "मी रोज तिथंच गोणपाट लावून, पाठ टेकून भाकर खातो. मला कळलं नसतं व्हय?"

साहेबानं उरलंसुरलं तेल तिथंच फासलं आणि रेघ टुणकन उसळली. वरून लोखंड गुळगुळीत, आत मात्र पाठीएवढी लांब चीर. पुन्हा पेटवला असता तर फुटलाच असता, असं साहेब म्हणाला. हणमंतप्पा मटकन खाली बसला, पण या वेळी लांब.

घरी त्यानं रिकामा डबा पुढं ठेवून सगळं खरं सांगितलं. हेमावतीनं तो पालथा घालून बघितला. मग तिनं कडबू उकडले. जावई लाजत म्हणाला की त्याला उकडलेलेच आवडतात. तिला त्याचे फार उपकार वाटले. साहेबाचे तर न फिटण्यासारखे.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः गिरणीत गेली. साहेबापुढं कडबूंचं गाठोडं ठेवलं, पदराला डोळे पुसले. मग मागं वळून बघते तर हणमंतप्पा शेजारच्या, विझवलेल्या पण अजून न तपासलेल्या बॉयलरला निवांत टेकलेला.

तिनं सकाळीच घाण्यावरून आणलेला तेलाचा दुसरा भरलेला डबा पुढं सरकवला.

"साहेब, आधी त्यो बघा. डबाभर लागू द्या. ह्यांच्या पाठीची सवय काय मोडायची न्हाई."