वाळत घातलेलं विमान

"सून कसली गं, पाहुणी आणलीय मी. फ्रीज उघडायचा झाला तरी विचारते, 'आई, उघडू का?'"

हे माझ्या सासूबाई कुंपणापलीकडच्या सुषमाकाकींना सांगत होत्या, आणि मी कुंपणाच्या अलीकडे, बाथरूममध्ये, डोक्यावर तांब्या धरून उभी होते. आमच्या बाथरूमच्या झडपांमधून डहाणूतल्या निम्म्या बातम्या आत येतात. मी तांब्या तसाच धरून ठेवला. ओतला असता तर आवाज झाला असता आणि पुढचं ऐकू आलं नसतं.

"वाईट नाही गं, गुणाची आहे," आई म्हणाल्या. "पण घरात आहे की तलासरीला माहेरी गेलीय, ते मला आत जाऊन बघावं लागतं."

"माझी सून बघ," काकी म्हणाल्या. "आली त्याच संध्याकाळी टीव्हीचा रिमोट घेतला हातातून."

"नशीब काढलंस बाई," आई म्हणाल्या. वाईट वाटलं ते याचं, की त्या अगदी मनापासून म्हणाल्या.

मी मुळात कमी बोलते. आमच्या तलासरीच्या घरात बोलणारे इतके, की ऐकायला कोणीतरी हवं म्हणून मला ठेवलं असावं. पण त्या दिवशी अंग पुसता पुसता मी ठरवलं, की या घरात आता एक तरी काम न विचारता करायचं. एकच. छोटंसं. (घर बुडवणारे निर्णय छोटेच असतात, हे मला नंतर कळलं.)

काम आपणहून चालून आलं. त्यासाठी आधी मुकेशबद्दल सांगायला हवं.

मुकेश म्हणजे माझा नवरा. (खोलीत 'मुकेश', खोलीबाहेर 'अहो', आणि आई-बाबांसमोर नुसतं खाकरणं.) तो उंबरगावच्या एका कंपनीत माल तपासायला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि घरी येऊन विमानं बनवायची. प्लॅस्टिकची. खोक्यातून सुटे भाग येतात, ते चिमट्याने उचलायचे, कानशीने घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. सध्याचं विमान होतं दुसऱ्या महायुद्धातलं, अमेरिकन आरमाराचं. नाव कोर्सेअर. गडद निळं आणि दोन्ही पंख मध्येच वाकलेले, जणू कोणीतरी कोपरं टेकून बसलंय.

खोकं उघडलं त्या दिवशी बाबांनी चष्मा लावून चित्र पाहिलं आणि म्हणाले, "परत कर. पंख वाकडे पाठवलेत."

"बाबा, ते तसेच असतात."

"अरे पण वाकडं का घेतोस? सरळ नव्हतं का दुकानात?"

मग मुकेशने समजावलं, की याचा नाकावरचा पंखा फार मोठा. तो जमिनीला लागू नये म्हणून पाय लांब हवेत, पण लांब पाय जहाजावर उतरताना मोडतात, म्हणून पंखच खाली वाकवले आणि पाय आखूडच ठेवले. बाबा टेम्पो चालवतात, चिकूची खोकी वाहतात. त्यांनी विचार करून मान डोलावली. "म्हणजे रस्ता खराब म्हणून गाडी वाकवली." मला हे सगळं मुकेशने एकटीला आणखी दोनदा सांगितलं. लग्नाआधी मला वाटायचं, प्रेमात माणसं चंद्राबद्दल बोलतात. चाकांच्या पायांच्या लांबीबद्दलही बोलतात.

रविवारी मुंबईत अशा मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन होतं. मुकेशने नाव नोंदवलं होतं, आयुष्यात पहिल्यांदाच. एरवी त्याची विमानं कपाटात, जुन्या स्वेटरांच्या मागे, तोंड भिंतीकडे करून उभी असतात. मी लोकांसमोर बोलत नाही आणि तो लोकांसमोर विमान ठेवत नाही, असा आमचा जोडा. त्यामुळे नाव नोंदवल्यापासून तो न जाण्याचं कारण शोधत होता, आणि ते त्याला डहाणूच्या हवेने पुरवलं. इथे समुद्राच्या दमटपणाने मिठाच्या बरणीला पाझर फुटतो, तिथे वार्निश काय सुकणार? शनिवारी सकाळी त्याने विमानाच्या पोटाला बोट लावलं. बोटाचा ठसा उठला.

"चिकट आहे," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत नाही सुकलं तर राहू दे. नाही नेत."

हे म्हणताना त्याचा चेहरा पडलाही होता आणि सुटका झाल्यासारखाही होता. मी तो चेहरा ओळखते, कारण माझ्याकडेही तसाच एक आहे. तो मोटरसायकल काढून कामावर गेला आणि मी ठरवलं, हे विमान सुकणार आणि रविवारी मुंबईला जाणार. कोणाला विचारायचं नाही.

आता आमच्याकडे ओल्या वस्तूवर एकच उपाय आहे. आईंचा ड्रायर. कोसबाडच्या शेतकी केंद्रात जाऊन त्या चिकूच्या चकत्या वाळवायचं शिकून आल्या, तेव्हापासून अंगणात हे लाकडी खोकं आहे, वर जाड पारदर्शक पत्रा, आत काळ्या रंगाची ताटं. उन्हात आत हात घातला तर भाकरी भाजेल. चकत्या बचत गटातून विकल्या जातात, पण ड्रायर सगळ्या घराचा. बाबांचा विहिरीत पडलेला मोबाइल यातच वाळला. पावसात भिजलेली चप्पल, आधार कार्ड, मुकेशची बारावीची मार्कशीट, सगळं यातून सुखरूप बाहेर आलंय. या घरात जे ओलं ते ड्रायरमध्ये. मी तर घरचीच रीत पाळत होते.

आई-बाबा टेम्पो घेऊन कासाला गेले होते, बचत गटाच्या कामाला. मी वरच्या ताटातल्या चकत्या कडेला सारल्या, मध्ये विमान ठेवलं, झाकण लावलं. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मी गुणगुणत आत आले.

दुपारी बघायला गेले. ड्रायरमधली वस्तू वाळली की नाही हे कसं ओळखायचं, ते आईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. चकती उचलायची, दोन बोटांत धरून वाकवायची. वाकली तर कच्ची, मोडली तर पक्की. मी विमानाच्या पंखाला हळूच बोट लावलं.

वाकला.

मी मनात म्हटलं, कच्चं आहे अजून. आणि त्याला सरकवून ताटाच्या त्या कोपऱ्यात ठेवलं, जिथे ऊन सगळ्यात जास्त लागतं.

(हे वाचून तुम्ही हसत असाल तर हसा. मी बी.कॉम. आहे. प्लॅस्टिक आणि चिकू यांतला फरक मला परीक्षेत कधी विचारला नव्हता.)

पुन्हा गेले तेव्हा ताटात विमान नव्हतं, विजेच्या तारेवरून पडलेलं वटवाघूळ होतं. दोन्ही पंख चकत्यांवर पांघरूण घातल्यासारखे पसरले होते. मी ते उचललं आणि घाईघाईने पंख परत वाकवायला लागले. आणि तेव्हा लक्षात आलं, की हे मुळात कसं वाकलेलं होतं तेच मला आठवत नाही. आधी खाली आणि मग वर? की आधी वर? धावत जाऊन खोकं आणलं. खोक्यावरच्या चित्रात विमान गिरकी घेत होतं, त्यामुळे खाली-वर कुठे ते वैमानिकालाही सांगता आलं नसतं. तोवर प्लॅस्टिक गार होऊन घट्ट झालं. एक पंख आकाशाकडे, एक जमिनीकडे. जणू सिग्नलला उभा असलेला पोलीस.

वार्निश मात्र खणखणीत सुकलं होतं.

मी ते मुकेशच्या टेबलावर ठेवलं. रोज तो त्याची डावी बाजू भिंतीकडे ठेवायचा. आज ती पहिल्यांदा माझ्याकडे झाली. नाकावर, काचेच्या खाली, पांढऱ्या रंगात, अर्ध्या तांदळाएवढ्या अक्षरांत माझं नाव लिहिलं होतं. दक्षा.

युद्धातले वैमानिक म्हणे विमानावर आवडत्या माणसांची नावं लिहीत. मुकेशने हे मला सांगितलं होतं, पण पायांच्या लांबीच्या ओघात मी नीट ऐकलं नव्हतं. 'क्ष' जरा फुगला होता. त्या एका अक्षरासाठी त्याने श्वास किती वेळ धरला असेल, असं मनात आलं आणि माझाच अडकला. विमानावर मी स्वच्छ रुमाल टाकला. आपल्याकडे गेलेल्या माणसावर चादर टाकतात तसा.

आई-बाबा आले. आईंनी सवयीने आधी ड्रायर उघडला. एक चकती उचलली, नाकाला लावली, उन्हात धरली. तिच्या एका कडेला निळा डाग होता. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिलं.

"छान वाळल्यात," त्या म्हणाल्या.

बाबांनी एक तोंडात टाकली. "काय गं, हिला रंगाच्या दुकानाचा वास का येतोय?"

"खा गपचूप," आई म्हणाल्या. आणि बाबांनी, देवमाणसाने, खाल्ली.

संध्याकाळी मुकेश आला. बूटही न काढता टेबलाशी गेला. आम्ही तिघं दारात. त्याने रुमाल उचलला. परत ठेवला. परत उचलला, जणू मधल्या वेळात बरं झालं असेल.

मी तोंड उघडलं. पण माझ्या तोंडाला उघडल्यावर सुरू व्हायला जरा वेळ लागतो, आणि तेवढ्यात बाबा म्हणाले, "मुकेश, रागावू नको. मीच सरळ करायला गेलो. पहिल्यापासून वाकडे होते ना."

"तुम्ही गप्प बसा हो," आई म्हणाल्या. "माझ्याकडून झालं रे. केर काढताना धक्का लागला, पडलं."

"केर कधी काढलास?" बाबांनी विचारलं. "तू तर कासाला होतीस."

"आणि तुम्ही कुठे होता? टेम्पो काय आपोआप गेला?"

"जायच्या आधी केलं मी."

"जायच्या आधी तर मी तुमचा मोजा शोधत होते!"

"माझंच चुकलं," मुकेश मध्येच म्हणाला. तो कोणाकडेच बघत नव्हता, म्हणजे माझ्याकडे तर मुळीच नाही. "वार्निश जाड बसलं. वजनाने वाकतात कधी कधी पंख." मग त्याने ते हातात फिरवून पाहिलं. "काही नाही होत. इथून कापतो आणि वर दुमडून चिकटवतो. जहाजावर जागा नसते, तिथे विमानं पंख दुमडूनच उभी करतात. तसंच नेऊ."

"बघ, झालं की," बाबा म्हणाले.

"उलट बरंच झालं," आई म्हणाल्या. "दक्षा, तू बस, दमली असशील. मी चहा टाकते."

तीन चांगली माणसं माझ्यासाठी खोटं बोलत होती, आणि किती वाईट बोलत होती! माहेरी मी दादाच्या सायकलचा दिवा फोडला होता तेव्हा आईचा आवाज हायवेपर्यंत गेला होता. आणि इथे? कप फुटला की आपण ज्या आवाजात म्हणतो, 'असू दे, असू दे, जुनाच होता', तो आवाज. तो पाहुण्यांसाठी काढतात, हे मला माहीत होतं. मुकेशच्या हातात माझं नाव लिहिलेलं मोडकं विमान होतं, आणि मला चहा मिळणार होता. बिस्किटांसकट.

"मी केलं!" मी म्हणाले.

आवाज इतका मोठा निघाला, की मीच मागे वळून पाहिलं.

"मी ठेवलं ड्रायरमध्ये. कोणाला न विचारता. वाकलं म्हणून कच्चं समजून आणखी ठेवलं. मग उलटं वाकवलं. चकत्याही मीच नासवल्या. आणि बाबा, ती चकती कशाला खाल्लीत तुम्ही? वार्निश आहे त्याला!" रडू येत होतं, पण बोलणं थांबवायची सवय नसल्यामुळे मला थांबता येईना. "मला कोणी ओरडणार आहे की नाही या घरात?"

कुंपणापलीकडे सुषमाकाकींच्या टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. "ओरडू?"

"ओरडा."

"नक्की? मग रडत बसशील."

"रडतेच आहे. ओरडा."

आईंनी पदर कमरेला खोचला. बाबांनी आपली खुर्ची शांतपणे भिंतीला लावली. (बत्तीस वर्षांचा अनुभव.)

"अगं अख्खं ताट नासवलंस!" आई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की मी रडायची थांबले. "गटातल्या बायकांना काय सांगू, आरमाराची ऑर्डर होती? डोळे होते ना, प्लॅस्टिक वितळताना दिसत नाही? आणि चहा! चहात साखर घालतेस की साखरेत चहा? यांना डॉक्टरने गोड बंद केलंय, आणि हे सुनेच्या हातचा म्हणून पितात, कप चाटतात! ओला टॉवेल पलंगावर. रोज! भाजीत मीठ नसतं, आम्ही तिघं पाळीपाळीने तुझी पाठ वळली की घालून घेतो. आणि भांडी घासताना काय त्यांची झोपमोड होते, इतकं हळू? आणि हे काय, विमानावर नाव? बघू. दक्षा! हे बत्तीस वर्षं टेम्पो चालवतायत, मागे 'बुरी नजरवाले' लिहिलंय, माझं नाव लिहायला कधी रंग नव्हता! तू हसू नकोस मुकेश, तुझ्याकडे पण येते मी. आणि दक्षा, ते लोणचं, ते लोणचं तू बरणीतून ओल्या चमच्याने..."

बाबांनी मला खुणेने बसायला सांगितलं. लांबचा प्रवास होता. मुकेश विमान छातीशी धरून खाली बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. आई श्वास घ्यायला थांबल्या, तेवढ्यात मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "आई, थोडं उद्यालाही ठेवा ना."