मिथिंक्सवाले मास्तर

आमच्या भोरच्या शाळेतले इंग्रजीचे गोविंदराव मास्तर ‘मला वाटतं’ असं साधं कधी म्हणत नसत. ते म्हणत, “मिथिंक्स!” आणि हा शब्द एकदा बाहेर पडला, की पुढचा अर्धा तास गेला म्हणून समजावं.

“मिथिंक्स म्हणजे ‘मी विचार करतो’ नव्हे बरं का! जुन्या इंग्रजीत ‘भासणे’ असं निराळंच क्रियापद होतं. ते घराणं बुडालं, हा एवढा एक वंशज उरला. आलं लक्षात?”

आलं होतं. कित्येक वर्षं येतच होतं. गणित शिकवून मी आधीच शिणलेला, त्यात यांच्या शेजारी बिऱ्हाड. शाळा सुटली तरी सुटका नाही. नीरेच्या पुलाशी बसणाऱ्या भाजीवालीलाही त्यांनी हे ऐकवलं होतं. ती म्हणाली, “व्हय मास्तर. पर वांगी किती घालू?”

खरी पंचाईत झाली यमूच्या लग्नात. यमू त्यांची एकुलती एक. आई तिच्या लहानपणीच गेलेली. बघायला मंडळी आली, की पोहे निवेपर्यंत मास्तरांचं मिथिंक्स चाले. दोन स्थळं ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणून गेली. पत्रिका त्यांनी मागितलीसुद्धा नव्हती.

तिसरं स्थळ नसरापूरचं. मी बजावलं, “आज तोंड उघडलंत, तर मुलगी जन्मभर घरात राहील!” मुलाच्या वडिलांनी “तुमचं काय मत?” असं विचारलं, तेव्हा मास्तरांचे ओठ हलले, पण माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान डोलावली. लग्न ठरलं, पार पडलं. मी हुश्श केलं.

नवरीबरोबर चार दिवस सासरी पाठराखीण म्हणून घरातली बाई जाते. या घरात बाईच नव्हती. कुणी जायचं यावर शेजारणींची चर्चा चालली होती, तोवर मास्तर यमूच्या बैलगाडीत चढून बसले.

“अहो, उतरा! बाप कधी पाठराखीण होतो का?” मी ओरडलो.

“तिला परक्या घरात झोप येत नाही हो,” मास्तर म्हणाले.

“येते, नाना,” यमू हळूच म्हणाली.

मास्तर खाली बघत राहिले. या माणसाला मी इतकी वर्षं कंटाळलो होतो. तरी त्यांना उतरवायला पुढे केलेला हात मी मागे घेतला.

गाडीवान म्हणाला, “मास्तर, लेकीच्या घरचं पानीबी चालत न्हाई बापाला. चार दिस काय पिनार तुमी?”

मास्तरांनी उपरण्याखालून पाण्याने भरलेली कळशी पुढे केली.

शालू सावरून यमू जरा सरकली आणि तिने कळशीला जागा करून दिली.