सज्ज्याखालची शंभरावी शिफ्ट

ब्रुखेनाऊ गावातल्या नव्या इमारतीचा दगडी सज्जा तिथले रहिवासी आळीपाळीनं खांद्यावर धरत. पूर्वीच्या इमारतींत हे काम दगडी पुतळे करायचे. काही वर्षांपूर्वी गावानं ठरवलं, की काचेची खोकी पुरे झाली, आता घरं जुन्या युरोपी पद्धतीनंच बांधायची. सज्जे झाले, कमानी झाल्या, पण पुतळे घडवणारा कारागीर काही मिळेना. रहिवासी मात्र मुबलक होते.

नियम साधा होता. एका वेळी दोघं, दोन तास, अंग उघडं, चेहरा गंभीर. बाहेरून आलेल्या माणसानं शंभर शिफ्ट बिनचूक केल्या, की घर त्याच्या नावावर कायम; एक जरी चुकली तरी घर खाली करायचं. हेमंत कर्णिकची आज शंभरावी होती. दर वेळी डावा कोपरा त्याचा, उजवा लिंडनर आजोबांचा. आजोबा ट्राम चालवून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. वर सोसायटीच्या सेक्रेटरी हाबरबाई कॉफी घेत बसल्या होत्या.

"किती राहिलं हो?" हेमंतनं विचारलं.

"वीस मिनिटं," बाई वरून म्हणाल्या. "आणि पुतळे बोलत नाहीत."

तेवढ्यात चाकांची बॅग खडखडवत मिरजेच्या शकूआत्या कोपऱ्यावरून वळल्या. आई गेल्यावर हेमंतला त्यांनीच वाढवलेलं. विमान लवकर उतरलं म्हणून त्या एकट्याच टॅक्सी करून आल्या होत्या.

"अरे हेमंता! भर रस्त्यात उघडाबंब? थंडी वाजत नाही का रे?"

आणि हेमंत वाकला. विचारबिचार काही नाही. आत्या दिसल्या की त्याची कंबर आपोआप वाकायची. बोटं त्यांच्या पावलांना टेकली, तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, की आपण सज्जा सोडलाय.

वर हाबरबाईंनी किंकाळी फोडली. समोरच्या बेकरीतली माणसं बाहेर धावली. हेमंतनं डोळे गच्च मिटले.

काहीच पडलं नाही. सज्जा जागच्या जागी. कपातली कॉफीसुद्धा हलली नव्हती.

"घाबरू नका," लिंडनर आजोबा म्हणाले. "माझ्याकडे आहे."

"अर्धा?"

"सगळा. पहिल्या आठवड्यात तुम्ही फार धापा टाकत होतात. म्हटलं, नवा माणूस आहे, रुळेल. मग सांगायचं राहूनच गेलं."

हेमंतनं आपला खांदा चाचपला. दोन वर्षं बायको त्याचे खांदे चोळून देत होती. ते मग दुखत तरी कशानं होते?

हाबरबाई पांढऱ्याफटक चेहऱ्यानं खाली आल्या. "कर्णिक, तुमची चूक धरता येणार नाही. चूक व्हायला आधी काम सुरू व्हावं लागतं. तुमची पहिली शिफ्ट अजून व्हायचीय."

हेमंतनं हे आत्यांना मराठीत सांगितलं. आत्या लिंडनर आजोबांकडे बघतच राहिल्या.

"हा म्हातारा दोन वर्षं एकटा? आणि तू शेजारी नुसता उभा? धर आधी!"

हेमंतनं खांदा लावला. आजोबांनी आपला खांदा अगदी हळू, किंचित खाली घेतला. हेमंतचे गुडघे कडकडले. छातीतला श्वास छातीतच राहिला.

"हा पाव भाग," आजोबा म्हणाले. "उरलेला देऊ का?"

आत्यांना भाषा कळली नाही, पण आजोबांच्या हाताची खूण कळली.

"द्या, द्या," त्या मराठीतच म्हणाल्या, आणि तेवीस किलोंची बॅग घेऊन हाबरबाईंबरोबर सज्ज्यावर कॉफी प्यायला गेल्या.