पांडूनानांची कड

पांडूनाना सिनेमा कधी मधोमध बघत नसत. टीव्हीसमोर बसले की मान कलती करायचे आणि पडद्याच्या डाव्या कडेवर डोळे लावायचे. मध्ये नायक मरत असला तरी त्याला एकट्याला मरू द्यायचे. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "मधलं सगल्यांना दिसतं, भाऊ. कडंला बघाला मानूस लागतो."

आम्ही डोंबिवलीहून बाळकुमला राहायला आलो तेव्हा नाना आम्हाला शेजारी मिळाले. खरं तर आम्ही त्यांना मिळालो, कारण जमीन त्यांची होती. त्यांच्या वडिलांच्या मिठागरावर आता इंग्रजी नावाचे चार टॉवर आणि निळ्या लाद्यांचा पोहण्याचा तलाव आहे. त्या तलावाच्या उद्घाटनाला मान्यवर बोलत असताना नानांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि म्हणाले, "गोड हाय. उपेगाचं नाय."

नानांच्या लेखी जगात सिनेमा एकच. ते लहान असताना त्यांच्या मिठागरावर एका मारधाडपटाचं शूटिंग झालं होतं. नायक खलनायकाला मिठाच्या राशींमधून पळवतो, एवढाच प्रसंग. नेमके त्या दिवशी नाना शाळेत गेलेले. शिक्षणाविषयीचं त्यांचं मत त्या दिवशी जे बनलं, ते पुढे कधी बदललं नाही.

हा सिनेमा त्यांनी थिएटरात एकदा बघितला. पुढे त्याची कॅसेट घेतली, मग सीडी, मग डीव्हीडी. दर वेळी मिठागर आलं की मान कलायची आणि निकाल लागायचा : "कापलंय." थिएटरातलं रुंद चित्र टीव्हीच्या चौकोनात बसवताना दोन्ही बाजू छाटतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. त्यांच्या भाषेत सिनेमावाल्यांनी त्यांचा बांध कोरला होता. मग त्यांनी भिंतभर रुंद टीव्ही आणला. त्यावर तीच डीव्हीडी आडवी ताणून लावली आणि मला बोलावून दाखवली. "सगले सुजले," ते म्हणाले, "पन कड नाय आली."

मी मनात म्हणत असे, जमीन विकली तरी मालकी सुटत नाही ती अशी. आपला बांध सिनेमात दिसावा ही जमीनदाराची हौस.

एका रविवारी नाना हातात धरायचं व्हिडिओ गेमचं यंत्र घेऊन दारात उभे राहिले. खेळाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्या यंत्रात चालणाऱ्या बिस्किटाएवढ्या तबकड्यांवर तेव्हा सिनेमेही मिळत, आणि त्यांनी पुन्हा तोच आणला होता.

मी त्यांना बसवून व्याख्यान दिलं. घेतलेला सिनेमा परत घ्यायचा, तोही पोस्टकार्डाहून लहान पडद्यासाठी. बरं, ही तबकडी दुसऱ्या कशातच चालत नाही. हे खेळणं बंद पडलं की सिनेमाही गेला. शहाणा माणूस असा व्यवहार करत नाही.

"झालं?" नानांनी तबकडीची डबी उलटी करून माझ्यापुढे धरली. मागे बारीक अक्षरात छापलं होतं की चित्र मूळ रुंदीत, न छाटता दिलं आहे. "पडदा ल्हान हाय, पन आडवा हाय. तूच लाव. माझा हात चालत नाय."

यंत्र माझ्या हातात देऊन त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली.

मी तबकडी घातली आणि मिठागरापर्यंत सिनेमा पुढे नेला. नाना पडद्याकडे बघेचनात. खिडकीतून तलावाकडे बघत त्यांनी विचारलं, "आली का कड?"

मग आयुष्यात प्रथमच मी सिनेमा कडेने बघितला. मध्ये नायक धावत होता. अगदी डावीकडे, बांधावर, हिरव्या लुगड्यातली एक बाई डोक्यावर टोपली घेऊन उभी होती. तिने मान वळवून थेट आमच्याकडे बघितलं आणि ती चालत चित्राबाहेर गेली.

"एक बाई आहे," मी म्हणालो. "टोपलीवाली."

"आये माझी," नाना म्हणाले.

मग हळूहळू कळलं. शूटिंगवाले तिला सारखे हटकत होते, मध्ये येऊ नको म्हणून. पण शूटिंग आहे म्हणून मीठ थांबत नाही, तेव्हा ती कडेकडेने टोपल्या वाहत राहिली. वर्षभरात ती गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. थिएटरात नानांना ती दिसली ती तेवढीच. पुढे प्रत्येक कॅसेटवाल्याने आणि तबकडीवाल्याने तिला बाहेर काढलं, त्या शूटिंगवाल्यांसारखंच.

माझं व्याख्यान अजून खोलीत कुठेतरी रेंगाळत होतं. ते कुठे ठेवावं मला कळेना.

नानांनी चष्मा कपाळावर चढवला आणि यंत्र नाकाशी धरलं. बाई तिळाएवढी दिसत होती. तिने बघितलं, ती गेली. नानांनी बटण दाबून प्रसंग मागे घेतला. पुन्हा बघितलं, पुन्हा गेली.

"परत?" मी विचारलं.

"जाते ना ती," नाना म्हणाले. "परत बोलवाची."

अजूनही ते यंत्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतं. लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी डोळे मिचकावून मला म्हणतात, म्हातारपणी काय हे खेळणं. पूर्वी मीही हसलो असतो. हल्ली मी नानांची कड घेतो.