सावंतबाई पाण्यात उतरतात

आमच्या मजल्यावरच्या सावंतबाई चष्म्यात थुंकतात. चारचौघांत, अगदी निवांत. एकदा डाव्या काचेवर, एकदा उजव्या. मग बोटाने गोल गोल चोळायचं, बाटलीतल्या पाण्याने विसळायचं आणि चष्मा डोळ्यांवर चढवायचा. माझ्या भाचीच्या साखरपुड्यात हे नेमकं विहिणीच्या पुढ्यात झालं, तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं. बाई मात्र तिला समजावून सांगत होत्या की थुंकीने काच धुरकट होत नाही, पाण्याखाली सगळे असंच करतात. विहीणबाई पाण्याखाली कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी हातातली ताटली खाली ठेवली.

तर आमच्या बाई स्कूबा डायव्हिंग शिकायला निघाल्यात. वय एकसष्ट. टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी झाली, भावंडांची लग्नं लावून दिली, स्वतःचं राहिलं. मूळच्या मालवणच्या, त्यामुळे पोहणं लहानपणापासूनचं. गेल्या हिवाळ्यात गावी गेल्या असताना तारकर्लीला कोणीतरी त्यांच्या पाठीवर सिलिंडर बांधून त्यांना समुद्रात नेऊन आणलं, आणि बाई बोरिवलीला परतल्या त्या पार कामातूनच गेल्या. अंधेरीच्या एका स्विमिंग पूलमध्ये रीतसर कोर्स असतो, तो करायचाच म्हणून बसल्या.

कोर्स सुरू व्हायचा होता, पण नियम आमच्या बिल्डिंगला आधीच लागू झाले. पाण्याखाली श्वास रोखायचा नाही, रोखून वर आलं तर फुप्फुसं फाटतात. असेल बाबा. पण म्हणून लिफ्ट वर जाताना "श्वास सोडत राहा गो" असं कोणी बजावतं का? वर येताना घाई करायची नाही, मध्ये थांबायचं, हा दुसरा नियम. लिफ्ट बंद पडली की बाई दुसऱ्या मजल्यावर जोशींच्या दारापाशी घड्याळ बघत तीन मिनिटं उभ्या राहतात. जोशीवहिनींना वाटतं, चहाला आल्यात. त्या आधण ठेवतात आणि बाहेर येऊन बघतात तर बाई पुढे गेलेल्या.

सोसायटीच्या सभेत तर कहर झाला. सेक्रेटरी पार्किंगवर बोलायला उभे राहिले की आवरत नाहीत. बाईंनी लांबून मला खूण केली, हात आडवा धरून गळ्यावरून सुरीसारखा फिरवला. पाण्याखाली याचा अर्थ, माझी हवा संपली. सेक्रेटरींनी ती खूण स्वतःवर घेतली. ते जे खाली बसले ते उठलेच नाहीत, आणि बाईंचा किती दिवस रखडलेला गळका पाइप दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त झाला.

या सगळ्यात मोठा नियम म्हणजे एकट्याने उतरायचं नाही. बरोबर जोडीदार लागतो, त्याला बडी म्हणतात. उतरण्याआधी एकमेकांचे पट्टे, कमरेला बांधलेली वजनं, हवा तपासायची. आपल्या सिलिंडरला एक जादा नळी ठेवायची, बडीची हवा संपलीच तर त्याला द्यायला. अंधेरीच्या सरांनी बजावलं होतं की बॅचला जोडीनेच या, बडी नसेल तर यंदा जमणार नाही. बाईंनी अख्खी बिल्डिंग पालथी घातली. कोणाचे गुडघे आडवे आले, कोणाचा मुलगा दहावीला. शेवटी गाडी माझ्यावर आली.

आता माझं ऐका. मी समुद्राला भेटले ती घोट्यापर्यंत, तीही जुहूला भेळ खाताखाता. डोक्यावरून तांब्या ओतला तरी माझा जीव घुसमटतो. पण बाईंना तोंडावर नाही म्हणवेना. म्हणून आधी मी सर्दी सांगितली, मग सासूबाईंचं पथ्य, मग नवऱ्याची सर्दी. बाई दर वेळी "बरं, उद्या बघू" म्हणायच्या. शनिवारी नावं द्यायची शेवटची तारीख, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी एकदाचा सोक्षमोक्ष लावायला मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं.

हॉलमध्ये बाई रबरी सूट घालून उभ्या. पायांत ते बदकाचे पंजे. समोर जेवणाच्या टेबलाची खुर्ची, आणि खुर्चीला सरांकडून सरावासाठी आणलेलं, सिलिंडर अडकवायचं जॅकेट घातलेलं. बाई खुर्चीचे पट्टे ओढून बघत होत्या आणि तिला विचारत होत्या, "हवा किती आहे?" मग जरा थांबून खुर्चीच्या वतीने स्वतःच सांगत होत्या, "भरपूर आहे." मला फस्सकन हसू आलं, आणि पुढे हसवेना.

मी चिडूनच बोलले. म्हटलं, बाई, या वयात हे काय खूळ घेतलंत, हास्यक्लबात जा, काशीला जा.

"काशीला जाऊन आले की गो, एकटीच," बाई म्हणाल्या. "ऑपरेशनलाही एकटीच गेले, रिक्षा करून, पिशवी घेऊन. कोणी म्हणालं नाही की बाई, एकटीला सोडणार नाही. इथे सोडतच नाहीत. आणि बडीने मध्ये मध्ये विचारायचंच असतं, तुझी हवा किती उरली. मला हा नियम फार आवडला."

ऑपरेशन झाल्याचं मला ठाऊकच नव्हतं. आमची मधली भिंत एकच आहे. मला भयंकर वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी खुर्चीचं जॅकेट ओरबाडून काढलं आणि अंगात चढवलं. ते पोटावर बसेना. बाईंनी गुडघा टेकून पट्टा ओढला आणि बसवलं.

पहिल्या दिवशी पूलच्या उथळ भागात तळाशी नुसतं गुडघ्यांवर बसायचं होतं. मी बसले आणि भीतीने सगळ्या खुणा विसरले. मास्कमधलं पाणी कसं काढायचं, वर कसं यायचं, सगळं डोक्यातून साफ. एकच खूण आठवली. तळहातावर दोन बोटं टेकवायची, म्हणजे, तुझी हवा किती? मी टेकवली. बाईंनी आपल्या सिलिंडरच्या हवेचा काटा बघून बोटांनी उत्तर दिलं. मी परत विचारलं. त्यांनी परत काटा बघितला, परत सांगितलं. मग मी विचारतच राहिले.

वर आल्यावर सर वैतागले. मॅडम, म्हणाले, इतक्या वेळा विचारायची गरज नसते, एवढ्यात काही हवा संपत नाही.

मी म्हटलं, "सर, तुम्ही मध्ये पडू नका. आमचं फार वर्षांचं विचारायचं राहिलंय."