नलावडेकाकांची मासिक बेरीज

नलावडेकाकांना काहीही सांगा, शेवटी ते एकच विचारतात, "एकूण?" माझ्या सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा मी जिन्यात त्यांना रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं दहा मिनिटं सांगत होते. रडवेली झाले होते हो! काका म्हणाले, "एकूण?" मी म्हटलं, "एकूण बरं आहे." "मग आधी सांगायचं की!" आणि पिशवी घेऊन गेले भाजीला.

काका धायरीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. खडकीच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले, पण मोजणं सुटलेलं नाही. सोसायटीच्या गणपतीला मंत्रपुष्पांजली झाली रे झाली की किती डोकी आली ते खड्या आवाजात जाहीर करतात. देवालाही कळलं पाहिजे ना!

अशा माणसाच्या हातात ऑनलाइन खरेदी आली. फोनवरच्या यादीत साबणापासून बल्बपर्यंत सगळं दिसायचं, फक्त महिन्याची बेरीज दिसायची नाही. काकांनी कंपनीला रीतसर मेल धाडला : "विषय : मासिक बेरजेबाबत. महोदय..." उत्तरादाखल आभार आले आणि पन्नास रुपयांचं कूपन आलं. काका लाल झाले. "मला लाच देतात! नलावडेला!" कूपन त्यांनी दुसऱ्या मेलने परत केलं.

मग मोर्चा माझ्याकडे वळला. मी आयटीत आहे, म्हणजे यांच्या मते मला पंख्यापासून पेन्शनपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं.

"काका, कॅल्क्युलेटर आहे की घरात."

"डोळे दगा देतात गं. आणि आकडा चुकला तर दत्तू औषधं घ्यायची बंद करेल."

दत्तू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, राहायला वाघोलीत. जमीन विकताना दोघांचं वाजलं, ते नऊ वर्षं बोलणं बंद. दत्तूला साखर, रक्तदाब, सगळंच. काका ऑनलाइन मागवतात ती औषधं, किराणा सगळं त्याच्यासाठीच, थेट त्याच्या घरी; काय मागवलं हा कंपनीचा मेसेज त्यालाही जातो. दत्तूची अट एकच : फुकट काही घेणार नाही. एक तारखेला काका मेसेजमध्ये नुसता आकडा पाठवतात, दत्तू तेवढेच पैसे पाठवतो. वर एक शब्द नाही.

हे ऐकल्यावर नाही कसं म्हणणार? एका रविवारी त्यांची यादी वाचून बेरीज करणारा छोटा प्रोग्रॅम लिहायला बसले, काका मागे मुकादमासारखे उभे. संध्याकाळी त्यांच्या यादीत प्रत्येक महिन्याखाली ठळक बेरीज झळकली. काकांनी अख्ख्या मजल्याला बोलावून ती दाखवली आणि पेढे वाटले. मलाही उगाच छाती फुगल्यासारखं झालं.

एक तारीख आली, काकांनी आकडा पाठवला. तीन तारखेला सकाळी दारावरची बेल दाबून धरलेली. दारात काका, बनियनवरच.

"तुझी बेरीज चुकली! दोनशे एकोणपन्नास रुपयांनी!"

मी त्यांचा फोन हातात घेतला. पाहते तर काय, दत्तूसाठी मागवलेली शेकायची पिशवी काकांनी रद्द केली होती, आणि माझ्या शहाण्या प्रोग्रॅमने तीही धरली होती.

"दत्तूने औषधं बंद केली?"

"फोन केला! 'दादा, पिशवी आली नाही तर पैसे कसले मागतोस? स्टोअरकीपर होतास ना?' असा तासला मला! अर्धा तास! मग विचारतो, गुडघा कसा आहे. गुरुवारी जेवायला बोलावलंय."

मी लॅपटॉप उघडला. "सॉरी काका, आत्ता दुरुस्त करते."

"खबरदार हात लावलास तर!"

आयुष्यभर एकेक स्क्रू मोजलेला हा माणूस मला चूक राहू दे म्हणत होता. "दादा म्हणाला गं मला," ते म्हणाले. मी लॅपटॉप मिटला.

काकांनी बनियनच्या टोकाने डोळे पुसले आणि फोन माझ्यापुढे धरला. "त्याचे जास्तीचे पैसे परत केले मी. आता सांग, या महिन्यात काय मागवून रद्द करू? कुकर? आकडा मोठा असला की भांडण जरा लांबेल."